रांगेत भेटलेल्या प्रोजेक्शनवाल्या काकांना

ती. काकांना सादर नमस्कार,

हे पत्र तुमच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. चित्रपट महोत्सवाला पहिल्यांदा निघालेल्या कुणाच्या तरी वाचनात ते यावं आणि तुम्ही मला जे दिलंत त्यातलं थोडं त्यांच्याही वाट्याला यावं, एवढीच इच्छा. तुमचं नाव लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, हे ठाऊक आहे.

महोत्सवाचं वेळापत्रक हातात पडलं की नवा माणूस गांगरतो. एकाच वेळी चार पडद्यांवर खेळ, त्यात व्याख्यानं, मुलाखती, आणि बहुतेक दिग्दर्शकांची नावं आधी कानावरही न आलेली. साहजिकच ज्यांची चर्चा असते, त्यांच्यावर आपण खुणा करतो. माझं असंच खुणांनी भरलेलं वेळापत्रक तुम्ही रांगेत उभ्या उभ्या पाहिलंत आणि म्हणालात, “यातले निम्मे पुढं थिएटरात लागतील, नाहीतर घरबसल्या मिळतील. जे परत कुठं बघायला मिळणार नाही, ते आधी बघ.” मग तुम्हीच पेन्सिल घेऊन बसलात. जुन्या चित्रपटांच्या नव्यानं दुरुस्त केलेल्या प्रती, लघुपटांचे गट, एखाद्या दिग्दर्शकाचा सिंहावलोकन विभाग, म्हणजे त्याचे आजवरचे निवडक चित्रपट, आणि ज्या खेळानंतर करणारी मंडळी स्वतः बोलणार आहेत ते खेळ, या क्रमानं. रोज एक खेळ असा ठेवायचा की ज्याबद्दल आपल्याला काडीचीही माहिती नाही. आणि दोन खेळांच्या मध्ये निवांत वेळ हवाच, कारण पहिला चित्रपट मनात मुरायच्या आत दुसरा सुरू झाला की दोन्ही हातचे जातात. त्या पेन्सिलीच्या खुणांनी माझा महोत्सव पार बदलून गेला.

पण काका, वेळापत्रक कुणीही लावून दिलं असतं. माझे खरे आभार आहेत ते बघायला शिकवल्याबद्दल.

बाहेर पडताना सगळे एकमेकांना विचारतात, “कसा वाटला?” तुम्ही विचारायचात, “काय दिसलं?” त्या संथ चित्रपटाच्या वेळचं आठवतं? एक म्हातारा भिंतीला टेकून जाळं दुरुस्त करत बसलेला, कॅमेरा जागचा हलत नाही, संवाद नाही. आजूबाजूचे लोक उठून जात होते. खेळ संपल्यावर तुम्ही विचारलंत आणि मी म्हणाले, “जाळं. त्याची बोटं. भिंतीवरचं ऊन.” “ऊन कुठं होतं?” मी आठवू लागले. सुरुवातीला ते त्याच्या खांद्याच्या वर होतं आणि शेवटी पायाशी आलं होतं. तेवढ्या मिनिटांत ऊन इतकं खाली उतरत नाही. म्हणजे जो एकसंध शॉट वाटला त्यात कुठंतरी जोड होता, मधले काही तास गाळलेले होते आणि आम्हा कुणाला तो जोड जाणवला नव्हता. तुम्ही मात्र उन्हावर नजर ठेवून होतात. संकलन ही काय चीज आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

तुमची सगळी नोकरी प्रोजेक्शन केबिनमध्ये गेली, म्हणून तुमच्याकडे असं काही होतं जे व्याख्यानांत सहसा ऐकायला मिळत नाही. जुनी ३५ मिलिमीटरची प्रत लागली होती तेव्हा तुम्ही कानाशी कुजबुजलात, “उजव्या कोपऱ्यात वर बघ.” क्षणभर एक ठिपका चमकला, काही सेकंदांनी दुसरा. रीळ संपत आल्याची ती खूण. पहिल्या ठिपक्याला, पुढचं रीळ लावून ठेवलेल्या दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची, दुसऱ्याला त्याच्यावर बदली करायची. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फिल्मवरची २४ सुटी स्थिर चित्रं, या हिशेबानं ६०० मीटरचं रीळ साधारण २२ मिनिटांचं. पूर्ण लांबीच्या चित्रपटात ही कसरत कितीतरी वेळा, आणि प्रेक्षकाला पत्ता लागता कामा नये! चौकट पुढं सरकत असताना शटर, म्हणजे प्रोजेक्टरमधली फिरती झडप, प्रकाश अडवतं, त्यामुळं चित्रपट चालू असताना बराचसा वेळ पडदा खरं तर काळाच असतो, हेही तुम्हीच सांगितलंत. मूकपटांतली माणसं कधीकधी तुरुतुरु पळताना दिसतात, त्याचंही कारण तुमच्याकडून समजलं. ते चित्रण बहुधा कमी वेगानं झालेलं असतं आणि पुढं बोलपटाच्या वेगानं ते चालवलं की हालचाली धावू लागतात. तेव्हापासून मूकपट हसायचा प्रकार म्हणून मला बघताच येत नाही.

आणि ते चित्रपट जतनावरचं व्याख्यान. सभागृह अर्धं रिकामं होतं, कारण शेजारीच गाजलेल्या चित्रपटाचा खेळ होता. तुम्ही ओढून नेलंत म्हणून मी गेले. नायट्रेटची जुनी फिल्म एकदा पेटली की पाण्यातही जळत राहते, फिल्मवरच्या चांदीसाठी जुनी रिळं विकली गेली, आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हे सगळं ऐकून माझ्या घशात आवंढा आला होता. प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका गृहस्थांनी प्रश्नाच्या नावाखाली छोटं भाषणच केलं. मग तुम्ही उठलात आणि एवढंच विचारलंत, “साफ करताना एखादा ओरखडा मुद्दाम ठेवलात का?”

वक्त्या खुलल्याच. चित्रीकरणाच्या वेळी, कॅमेऱ्यातच मूळ निगेटिव्हवर पडलेल्या खुणा त्या ठेवतात. नंतर प्रोजेक्टरमधून फिरून फिरून पडलेले ओरखडे काढतात. पहिल्या खुणा चित्रपटाच्या, दुसऱ्या त्याच्या प्रवासाच्या. कुठली कुठली हे ठरवायला कधीकधी त्याच चित्रपटाच्या दोन-तीन प्रती शेजारी ठेवून चौकट चौकट ताडून बघावी लागते. त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं उत्तर तुमच्या इवल्याशा प्रश्नानं बाहेर काढलं. हल्ली मीही प्रश्न विचारते. आधी वहीत लिहिते, “आपली प्रेरणा काय” छापाचा असेल तर खोडते, आणि पडद्यावर दिसलेल्या एखाद्याच गोष्टीबद्दल विचारते. मागं एका छायालेखिकेला विचारलं, की शेवटच्या प्रसंगात दिवा चौकटीबाहेर का ठेवलात. त्या हसल्या आणि नंतर मला बाजूला बोलावून त्यांनी कागदावर अख्खी प्रकाशयोजना काढून दाखवली. तो कागद तुम्हाला दाखवायचा आहे.

काका, जाणकार माणसं मी पुष्कळ पाहिली. आपलं ज्ञान असं रांगेत उभ्या असलेल्या परक्या मुलीच्या ओंजळीत ओतणारी फार थोडी. मनापासून आभार. कुणी नवखं वेळापत्रक घेऊन गोंधळलेलं दिसलं, की आता मीही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहते.

पुढच्या महोत्सवाचं वेळापत्रक आलं की लगेच पाठवते. मूकपटांचा विभाग असेल तर त्यावर आधी खुणा करा, आणि या वेळी पेन्सिल मी आणीन.

तुमची,
रांगेतली पुतणी