वनस्पतीचं विष वनस्पतीला बाधत नाही?

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला औषधी अल्कलॉइडांवरचा (वनस्पतींत तयार होणाऱ्या, बहुधा विषारी द्रव्यांवरचा) लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. लेखकाने मेहनत घेतली आहे, हे मान्य. पण शेवटी 'ही द्रव्यं वनस्पतीच बनवतात, त्यामुळे वनस्पतींच्या पेशींना ती निरुपद्रवीच असतात' असं ठोकून दिलंय. हे साफ चूक आहे, आणि याच समजुतीपायी मला एकदा नाहक भोगावं लागलं आहे.

वडोदऱ्यातल्या एका महाविद्यालयात, वनस्पतिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक होते. ऊती-संवर्धनाचं माध्यम (पेशी ज्यात वाढवतात ते पोषक द्रावण) बनवणं, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र) लावणं, फ्लास्क धुणं-भरणं सगळं माझ्याकडे. गाजराच्या पेशी शेकरवर, म्हणजे फ्लास्क सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, छान वाढत होत्या, भिजवलेल्या रव्यासारख्या, फिकट पिवळ्या. एका संशोधक मुलीने निम्म्या फ्लास्कांत सदाफुलीच्या पानांतली अल्कलॉइडं घातली, उरलेल्यांत नुसता द्रावक, म्हणजे अल्कलॉइडं ज्यात विरघळवली होती ते द्रव. अल्कलॉइडवाले फ्लास्क बघता बघता तपकिरी पडले. तिच्या सरांनी आल्या आल्या निकाल दिला, "ताई, ऑटोक्लेव्ह नीट लावला नाहीत. वनस्पतीच्या द्रव्याने वनस्पतीची पेशी मरेल कशी?"

अहो, दोन्हीकडचं माध्यम एकाच खेपेत, १२१ अंशांवर निघालेलं! द्रावकवाले फ्लास्क ठणठणीत होते. तपकिरी फ्लास्कांत ना गढूळपणा, ना बुरशीचा एक धागा. मुलीने इव्हान्स ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जिवंत पेशी हा रंग आत येऊ देत नाही. इथे जिकडे बघावं तिकडे निळ्या पेशी. मेलेल्या. तरी मेमो मिळाला तो मलाच, आणि तो कधी मागे घेतला गेला नाही.

मग सदाफुली स्वतः का मरत नाही? कारण ती विष बनवते तशी ते सांभाळतेही. व्हिनब्लास्टिन हे सदाफुलीतलं कर्करोगावरचं औषध ज्या दोन द्रव्यांच्या जोडणीतून होतं, त्यातलं कॅथरॅन्थिन पानाच्या वरच्या मेणात साठतं आणि विंडोलिन आतल्या पेशींत राहतं, हे २०१० साली दाखवून दिलं गेलं. तंबाखू निकोटिन मुळांत बनवते आणि पानांत नेऊन पेशींच्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे आतल्या साठवणीच्या पिशव्यांमध्ये, कोंडून ठेवते. तेच द्रव्य बाहेरून परक्या पेशीवर आलं की ही सोय तिच्याकडे कुठून असणार? बी.एस्सी.च्या मुलांना विचारा. कांद्याच्या मुळाची टोकं कोल्चिसिन या वनस्पतीतल्याच अल्कलॉइडमध्ये ठेवली की पेशीविभाजनाची तर्कूच (गुणसूत्रं ओढून वेगळी करणारी धाग्यांची रचना) तयार होत नाही आणि गुणसूत्रं दुप्पट होतात. १९३७ पासून संकरतज्ज्ञ याच गुणाचा उपयोग करत आले आहेत. आपल्या चहा-कॉफीतलं कॅफिनसुद्धा विभागणाऱ्या पेशीत मधली भिंत उभी राहू देत नाही, एकाच पेशीत दोन केंद्रकं अडकून पडतात. याला निरुपद्रवी म्हणायचं?

कर्करोगावरची औषधं ज्यापासून बनतात त्या कॅम्पटोथेसिन या अल्कलॉइडचं तर आणखी वेगळं. ते बनवणाऱ्या झाडांत, ज्या विकरावर (पेशीतल्या क्रिया घडवणाऱ्या प्रथिनावर) हे विष घाव घालतं ते विकरच किंचित बदललेलं आढळलं, म्हणून ती झाडं तगतात. हे २००८ साली प्रसिद्ध झालं आहे. निरुपद्रवी द्रव्यापासून बचाव करायला कोणतं झाड स्वतःचं विकर बदलेल?

आणि कॅम्पटोथेसिनचा विषय निघालाच आहे तर सांगते. लेखात हे द्रव्य 'अमेरिकन शास्त्रज्ञांनी' शोधल्याचं लिहिलंय. १९६६ साली ते वेगळं काढणाऱ्या मन्रो वॉल यांच्या जोडीला मनसुख वाणी होते, आपल्या नंदुरबारात जन्मलेले! मराठी वृत्तपत्राने त्यांचं नाव गाळावं, याचं मला फार वाईट वाटलं. आम्ही गुजरातेत राहून मराठी पेपर घेतो ते अशाच गोष्टी कळाव्यात म्हणून.

पेशी मरतात हे मान्यच नसेल तर उद्या आणखी कुठल्या तरी प्रयोगशाळेत हाताखालच्या माणसालाच दोषी धरतील. म्हणून दोन्ही दुरुस्त्या येत्या रविवारी छापाव्यात, आणि आतल्या कोपऱ्यात नको, लेख होता त्याच पानावर.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
दांडिया बाजार, वडोदरा