आमच्या ग्रीक तांडेलास, आभारपूर्वक

प्रिय कप्तान,

तुम्ही आम्हाला सँटोरिनीला नेलं नाहीत, त्याबद्दल सगळ्यात आधी मनापासून आभार.

ग्रीसमधल्या आठवड्याभराच्या शिडाच्या बोटीचं बुकिंग पक्कं करण्याआधी व्हिडिओ कॉलवर आम्ही आमची यादी तुम्हाला वाचून दाखवली होती. मिकोनोस, पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी, आणि बोट शनिवार ते शनिवार. तुम्ही मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, ‘बोटीवर कोण कोण असणार?’ मी सांगितलं, आम्ही दोघं, दोन मुलगे आणि माझी आई. वय बहात्तर, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मग तुम्ही नकाशा समोर धरलात. अथेन्सहून सँटोरिनी सव्वाशे सागरी मैलांच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा वाहतो, कारण बाल्कनवर हवेचा दाब जास्त असतो आणि तुर्कस्तानवर कमी. जाताना तो पाठीशी असतो. येताना तोच वारा तोंडावर घेत, लाटा फोडत, नागमोडी वर चढावं लागतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी बोट मरिनात परत लागलेली असावी लागते. ‘नुसती तरुण मंडळी असती तर निघालो असतो. आईंना घेऊन नाही,’ असं तुम्ही स्पष्ट म्हणालात आणि अथेन्सजवळचं सारोनिक आखात सुचवलंत. एजिना, पोरोस, हायड्रा, स्पेत्सेस. जवळजवळची बेटं, आणि मेल्टेमीचा जोर तिथे सिक्लाडीसपेक्षा, म्हणजे आमच्या यादीतल्या बेटांच्या समूहापेक्षा, पुष्कळ कमी.

तुमचा मेहनताना दिवसावर होता. आम्ही कुठेही गेलो असतो तरी तेवढाच मिळणार होता, आणि गिऱ्हाईक हातचं जाण्याची भीतीही होतीच. तरीही तुम्ही ते बोललात. त्या दिवसापासून आमच्या घरात तुमच्या शब्दाला वजन आलं.

हे पत्र खुलं ठेवते आहे, कारण परत आल्यापासून ओळखीचे लोक विचारतात, लायसन्स नसताना बोट कशी काय मिळाली? त्यांना मी तुमच्याबद्दलच सांगते. बोट नुसती भाड्याने घ्यायची तर शिडाची बोट चालवण्याचा परवाना लागतो आणि सोबत आणखी एक जाणकार लागतो. कप्तान घेतला की ती जबाबदारी त्याची. फक्त एक केबिन त्याला द्यायची आणि त्याच्या जेवणाची सोय आपण करायची. डिझेल, धक्क्याचे पैसे, शेवटची साफसफाई हे सगळं भाड्याच्या वर असतं, हे तुम्ही पहिल्याच मेलमध्ये लिहून दिलं होतंत. त्यामुळे हिशोबात शेवटपर्यंत एकदाही कुरकुर झाली नाही.

आता आईबद्दल. कप्तान, आमच्याकडे जुलै म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवायचा महिना. मासेमारी बंद, समुद्र खवळलेला. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय आईच्या माहेरी, मालवणला, कुणी बोट पाण्यात घालत नसे. त्यामुळे अथेन्सच्या आलिमोस मरिनात ती बोटीसमोर उभी राहिली तेव्हा तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. त्यात तुमच्याकडे बोट उलटी लावतात. पुढे नांगर सोडायचा, मागे मागे येत धक्क्याला पाठ टेकवायची, दोन दोर बांधायचे, आणि मधल्या फटीवर एक अरुंद फळी. त्या फळीवरून आईने जायचं कसं, याची धास्ती मी मुंबईपासून घेऊन आले होते.

तुम्ही तिला ‘घाबरू नका’ म्हणाला नाहीत. तुम्ही दोर आवळून बोट धक्क्याच्या आणखी जवळ घेतलीत, फळी आखूड केलीत, बोटीच्या मागच्या तारेला एक दोर बांधून त्याचं दुसरं टोक हातात घेऊन स्वतः धक्क्यावर उभे राहिलात. कमरेच्या उंचीवर ताठ धरलेला तो दोर म्हणजे आईचा कठडा. जवळून एखादी फेरी गेली की तिची लाट येऊन बोट हलते, म्हणून ती लाट ओसरेपर्यंत तुम्ही तळहात वर करून तिला थांबवायचात, मग मान हलवायचात. प्रत्येक बंदरात, प्रत्येक वेळी. पोरोसला रात्री जेवून परतलो तेव्हा तुमचं जेवण अर्धं टाकून तुम्ही आधी पुढे धावलात, हे मी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून आई मला हाक मारेनाशी झाली, तुम्हालाच शोधायची. ‘तांडेल खंय गेलो?’

तुम्हा दोघांची भाषा एक नव्हती. एजिनाच्या बंदराजवळच्या मासळी बाजारात मात्र तिने माशाचा कल्ला उघडून तुम्हाला आतला लाल रंग दाखवला आणि तुम्ही खदखदून हसलात, तेव्हापासून दुभाषाची गरज संपली. हेलकावणाऱ्या शेगडीवर तिने केलेलं तिखलं तुम्ही पाणी न पिता खाल्लंत. तिने आमसुलांची पुरचुंडी तुमच्यासाठीच मागे ठेवली आहे. केबिनच्या फडताळात मिळाली असेल. भरती-ओहोटी इथे दिसतच कशी नाही, हा प्रश्नही तिचाच. भूमध्य समुद्रात ती जेमतेम असते हे सांगून तुम्ही तिला लगेच एव्हिया बेटावरच्या हल्किदाची गोष्ट सांगितलीत, जिथे सामुद्रधुनीतला प्रवाह दिवसातून अनेकदा उलटा फिरतो. आई ती गोष्ट आता सगळ्या आळीला ऐकवते.

माझ्या धाकट्याच्या वतीने हायड्राचे आभार. त्या बंदरात जागा किती कमी आणि बोटी किती जास्त! दुपारच्या आत पोचायचं म्हणून तुम्ही भल्या सकाळी निघालात आणि खरोखरच धक्क्यावर जागा मिळाली. गावात मोटारी नाहीत, सामान वाहायला खेचरं आणि गाढवं. धक्क्यावरच्या तोफा पाहून मुलांना एकदम आंग्र्यांचं आरमार आठवलं. पण धाकट्याला लक्षात राहिली ती दुसरी सकाळ. आपला नांगर वर येईना, कारण शेजाऱ्याची साखळी त्यावर आडवी पडली होती. लोक ओरडायला लागले. तुमचा आवाज मात्र चढला नाही. नांगर हळूहळू पाण्याबाहेर आणलात, त्यावर ती चिखलाने माखलेली साखळी लोंबत होती. मुलाच्या हातात दोर देऊन तो साखळीखालून ओवून घ्यायला लावलात, बोटीच्या नाकावर अडकवायला सांगितलात, म्हणजे साखळीचा भार दोरावर. मग आपला नांगर थोडा खाली सोडून बोट मागे घेतलीत, नांगर मोकळा झाला, आणि तुमच्या इशाऱ्यावर मुलाने दोराचं एक टोक सोडलं. साखळी धप्पकन पाण्यात. बारा वर्षांच्या पोराला एवढं महत्त्वाचं काम कुणी देत नाही. तुम्ही दिलंत, आणि तो करत असताना त्याच्या हातातून ते काढून घेतलं नाहीत.

त्यानेच मला शिकवलं की पाण्यात गडद डाग दिसला तर ते समुद्री गवत, तिथे नांगर टाकायचा नाही. एक तर तो धरत नाही आणि वर गवताचं नुकसान होतं. फिकट वाळूचा पट्टा शोधायचा. हे त्याला तुम्ही कधी सांगितलंत ते मला कळलंही नाही.

स्पेत्सेस राहिलं. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात स्वतःची जहाजं घेऊन लढलेल्या बुबुलिनाचं घर थोरल्याला पाहायचं होतं, तो हिरमुसला. पण संध्याकाळी तुम्ही हवामानाचा अंदाज टेबलावर ठेवून त्याला शेजारी बसवलंत आणि बोटाने बाण दाखवत गेलात. वाऱ्याचा जोर वाढत चाललेला, आणखी दक्षिणेला उतरलो तर शुक्रवारचा परतीचा सगळा रस्ता वाऱ्याच्या तोंडावर. आकाशात तर ढगाचा ठिपकाही नव्हता. आमच्याकडे वारा उठायच्या आधी आभाळ भरून येतं, इथे निळ्याशार आकाशातून तो बोट आडवी करायला येतो, हे आम्हाला कुणी सांगितल्याशिवाय पटलंच नसतं. रात्री वारा पडतो त्याचा फायदा घेऊन तुम्ही पहाटे अंधारात नांगर उचललात. आई गाढ झोपेत होती. जागी झाली तेव्हा आम्ही एजिनाच्या आडोशाला आलो होतो आणि तुम्ही तिच्यासाठी चहाचं आधण ठेवलं होतंत. त्या दुपारी बाहेर पांढऱ्या फेसाच्या लाटा उठलेल्या आम्ही बंदरात बसून पाहिल्या. तिथूनच मुलं चढावावरून आफाइया देवीच्या देवळापर्यंत जाऊन आली, अडीच हजार वर्षांचे खांब हात लावता येतील इतक्या जवळून पाहून आली; स्पेत्सेसचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

या पत्राचा इंग्रजी तर्जुमा सोबत पाठवते आहे. मराठी मुद्दाम ठेवलं, कारण यातलं निम्मं आईने तोंडी सांगितलेलं आहे आणि ते तिच्याच भाषेत तुमच्याकडे असावं असा तिचा आग्रह आहे. डिसेंबरात तुमच्या बोटी बंद असतात, तेव्हा तुम्ही मालवणला या. समुद्र शांत असतो, मासळी भरपूर असते, सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जाता येतं. धक्क्यावर उतरताना तुमचा हात धरायला आई स्वतः उभी राहणार आहे, असं तिने लिहायला सांगितलंय. तारखा कळवा, म्हणजे व्हिसासाठीचं निमंत्रण पत्र लगेच पाठवते.

तुमच्या बोटीवरचं
मालवणचं कुटुंब