क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली म्हणून अभिनंदन?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अवयवदानावरचा तुमचा लेख वाचला, चांगलाय, पण त्यातलं 'ब्लड ग्रुप जुळला की जवळचा नातेवाईक किडनी देऊ शकतो' हे वाक्य वाचून राहवेना. याच समजुतीपायी आमच्या घरात रामायण झालंय.

किडनी हवी होती बायकोला, तिचा ग्रुप बी, माझा ओ. ओवाल्याचं कुणालाही चालतं हे शाळेपासून पाठ, त्यामुळे मीच देणार असं धरून सगळे निवांत. मग क्रॉसमॅच केली, म्हणजे माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि तिचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशी वगळून उरलेला पातळ भाग, एकत्र करून बघतात, पेशी मेल्या तर रिपोर्ट पॉझिटिव्ह. मेव्हण्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, अरे वा, अभिनंदन! अहो कसलं अभिनंदन, तिच्या अंगात माझ्याविरुद्ध अँटीबॉडी आधीच तयार होत्या, किडनी जोडली असती तर टेबलावरच काळीनिळी पडली असती.

तयार कशा झाल्या? तीन बाळंतपणांत. पोटातल्या बाळाचे अर्धे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, बापाकडचे असतात, आईचं शरीर ते परके म्हणून लक्षात ठेवू शकतं. पूर्वी रक्त चढवलं असेल तरी असं होतं. डॉक्टर कागदावर आकृती काढून हे समजावत होते तर बायको म्हणाली, तीन पोरांचा बाप आणि शेवटी परकेच निघालात की!

नातेवाइकांत मात्र बभ्रा झाला की ह्याने ऐनवेळी कच खाल्ली. ग्रुप चालत होता ना, मग काय झालं? आता कुणाकुणाला एचएलए शिकवत बसू.

शेवटी मेव्हण्याचीच किडनी चालली. सख्ख्या भावंडांत एचएलए पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, ह्यांचे अर्धेच जुळले, पण क्रॉसमॅच निगेटिव्ह आली. त्याचा ब्लड ग्रुप बी निगेटिव्ह आणि हिचा बी पॉझिटिव्ह, त्यावरही लोकांनी शंका काढल्या, किडनीला ते प्लस-मायनस बघत नाहीत हो. उलट आता ए-बी-ओ जुळत नसतानाही प्लाझ्मामधल्या अँटीबॉडी काढून ट्रान्सप्लांट करतात, मग नुसत्या ग्रुपवर कसं ठरणार?

आणि गोळ्यांबद्दल लेखात एक ओळही नाही. 1954 साली पहिली यशस्वी किडनी बसली ती एकसारख्या जुळ्या भावांत, शरीराला ती परकी वाटलीच नाही. आमच्याकडे मात्र शरीराने किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीचा, टॅक्रोलिमसचा, सकाळी आठ आणि रात्री आठ गजर वाजतो, तरी येणारा-जाणारा विचारतोच, अजून चालूच आहेत का?

दुरुस्ती छापलीत तर बरं होईल, कात्रण थोरल्या आत्याबाईंना दाखवायचंय.

आपला,
एक वाचक