पायाच्या धमन्या : आधी दाब मोजा, मग चित्र काढा

मा. संपादक, स.न.

चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर काही मिनिटांत मोकळी होते. पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची ही खूण असू शकते. या एकाच तक्रारीसाठी एक डॉक्टर डॉप्लर सोनोग्राफी (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणे) सांगतात, दुसरे सीटी अँजिओग्राफी (क्ष-किरणांनी धमन्यांचे चित्र), तर तिसरे थेट धमनीत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून अँजिओग्राफी. काही वेळा हा फरक रास्त असतो. पण हाताशी कोणते यंत्र आहे, यावरून तपासणी ठरत असेल तर ते रुग्णाच्या हिताचे नाही.

पहिली पायरी चित्राची नाहीच. रुग्णाला ५ ते १० मिनिटे आडवे ठेवून छोट्या डॉप्लरने दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा रक्तदाब घ्यावा. घोट्याच्या दाबाला दंडाच्या जास्त असलेल्या दाबाने भागल्यावर ०.९० किंवा कमी आले, तर धमनीविकार, म्हणजे पायाची धमनी अरुंद झालेली, आहे. गोम मधुमेह आणि मूत्रपिंडविकारात आहे. धमनीत कॅल्शियम साचून ती पट्ट्याने दबत नाही, आकडा १.४० च्या वर जातो किंवा फसवा 'नॉर्मल' येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब घेऊन त्यालाही दंडाच्या दाबाने भागावे, तिथे ०.७० किंवा कमी म्हणजे विकार. पायावर जखम असताना ही पायरी गाळणे धोक्याचे आहे.

चित्र हवे ते अडथळा नेमका कुठे आणि किती लांब आहे हे पाहायला, म्हणजे फुग्याने धमनी रुंद करणे, स्टेंट (धातूची जाळीदार नळी) बसवणे किंवा बायपासचा विचार असेल तेव्हा. लक्षणेच नसलेल्या माणसाची निव्वळ नकाशासाठी अँजिओग्राफी करू नये.

डॉप्लर सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, औषध टोचावे लागत नाही. अरुंद जागी रक्ताचा वेग आधीच्या भागाच्या दुपटीहून जास्त झाला, की साधारण ५० टक्क्यांहून अधिक अडथळा धरतात. मात्र पोटातल्या वायूमुळे कमरेच्या धमन्या नीट दिसत नाहीत आणि निकाल तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो. सीटी वेगवान आहे, पण गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत कॅल्शियमची चमक पसरून अडथळा आहे त्याहून मोठा भासतो. शिवाय धमन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून टोचलेल्या आयोडीनयुक्त औषधामुळे मूत्रपिंडाचा विचार करावा लागतो. एमआर (चुंबकाने चित्र घेणाऱ्या) अँजिओग्राफीत कॅल्शियमचा त्रास नाही, पण धातूच्या स्टेंटच्या जागी चित्र पुसले जाते. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेचा २०१२ चा क्रम याच विचाराचा आहे : उपचाराचा विचार असलेल्यांना आधी डॉप्लर, आणखी चित्र लागले तर एमआर, ते चालणार नसेल तर सीटी.

कॅथेटरची अँजिओग्राफी गुडघ्याखाली सर्वांत स्पष्ट दिसते, पण धमनीला टोचावे लागते; रक्तस्राव होऊ शकतो. ती शक्यतो उपचाराच्याच बैठकीत व्हावी. मूत्रपिंड नाजूक असेल, तर कमरेखाली आयोडीनऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरता येतो. हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारावा.

नुसती चालताना पोटरी दुखत असेल, तर तंबाखू बंद, औषधे आणि देखरेखीखाली आठवड्यातून तीनदा, निदान १२ आठवडे चालण्याचा व्यायाम हा पहिला उपचार आहे. त्यासाठी दाबाचा आकडा पुरतो. पण रात्री पडल्यापडल्या पाऊल ठणकत असेल, बोट काळे पडत असेल किंवा जखम भरत नसेल, तर लगेच रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांकडे जावे. पाय अचानक गार, पांढरा किंवा बधिर झाला, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

– रक्तवाहिनी उपचारक्षेत्रातील एक वाचक