काटा पावतीच्या पाठीमागे

आदरणीय दिवाणजी काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "ठेव तिथं पोरी, काटा पाहू दे आधी." अन् ते तुमच्या खतावणीत दबून राहिलं असतं. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहिते. तुमचा पुतण्या मोबाइलवर वाचून दाखवेलच. तो मधलं गाळून वाचतो, त्याला सांगा सगळं वाच म्हणून.

२०२५ चा एप्रिल संपत आलाय. दिल्लीच्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा मेमध्ये आहे, निकाल त्याच्याही नंतर. मुद्दाम आत्ताच लिहितेय. नंबर लागल्यावर आभार मानले तर ते नंबराचे होतील, नाही लागला तर लिहायला हात उचलणार नाही. तुम्ही केलं त्याचा निकालाशी संबंध नाही.

तुम्हाला आठवत असेल, जानेवारीत बाबांसोबत मी जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या तुमच्या कारखान्यात, आले होते. सीसीआयचे, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाचे, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, ओटीपीचं बाबांना जमत नाही, म्हणून मला आणलं होतं. आमच्या कापसात ओलावा तेरा टक्के निघाला. बाराच्या वर घेत नाहीत. मग तिथंच आवारात ताडपत्री टाकून कापूस पसरला अन् उन्हाची वाट पाहत बसलो. बाबा ट्रॅक्टरच्या सावलीत झोपले. मी पुस्तक काढलं. तुम्ही पावतीपुस्तक घेऊन जाता जाता थांबलात, "काय वाचून राह्यली?" म्हणून.

हिंदीतलं इतिहासाचं पुस्तक होतं, मोबाइलवरून उतरवून झेरॉक्स काढलेलं. मराठी शाळेतली पोरगी हिंदीत इतिहास काहून वाचते, असं तुम्ही विचारलंत. मी सांगितलं की सीयूईटी नावाची परीक्षा आहे, २०२२ पासून दिल्ली विद्यापीठाचे प्रवेश तिच्यावरच होतात. पेपर मराठीतून देता येतो, पण प्रश्न येतात एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकांतून, अन् ती पुस्तकं मराठीत नाहीत. आपली बालभारतीची वेगळी. एवढं बोलून मी पुस्तक मिटलं अन् म्हटलं, "पण मी फॉर्म भरणार नाहीये काका, असंच वाचते."

"असंच" म्हणताना मी तुमच्याकडे पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलं असणार. दुसरं काही न विचारता तुम्ही हडप्पातल्या लोकांकडे कापूस होता का, एवढंच विचारलंत. मी सांगितलं, मोहेंजोदडोला सुती कापडाचा तुकडा सापडलाय. तुम्ही खूश झालात. "म्हणजे आपला धंदा जुना आहे," म्हणून काट्याकडे गेलात.

फॉर्म न भरण्याची कारणं माझ्याकडे भरपूर होती. बाबा सातवी, आई चौथी. आमच्या घरात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारी मी पहिली, तोही तालुक्याच्या कॉलेजचा. 'ऑनर्स' म्हणजे काय हे विचारायला मला माणूस नव्हता. कॉलेजात एका सरांना विचारलं तर म्हणाले, तिथं शंभर टक्केवाले जातात. खोटं नव्हतं ते. २०२१ मध्ये तिथल्या काही कॉलेजांची कटऑफ खरंच शंभर टक्के होती. फक्त ती गोष्ट जुनी झाली होती. आता बारावी पास व्हावं लागतं, नंबर लागतो तो परीक्षेच्या गुणांवर. प्रवेश परीक्षेवर होतात हे मला माहीत होतं, पण बारावीचे टक्के त्यात धरतच नाहीत हे सरांना माहीत नव्हतं अन् मलाही नव्हतं. तुम्हाला कळलं ते तुम्ही दिल्ली विद्यापीठाचं माहितीपत्रक वाचलंत म्हणून. त्याच्यावर येतेच.

आत्या म्हणाली, सरकारनं आता पोरींचं शिक्षण फुकट केलंय, दिल्ली कशाला? तिला कोण सांगणार की ती फीमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, बी.ए.ला नाही. आईचा प्रश्न निराळा होता. "तिथं भात भेटते का निसत्या पोळ्या?" आईला भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही, मला वाटतं, पण ते तिला कधी पटलं नाही.

खरं कारण यातलं एकही नव्हतं. नंबर नाही लागणार याची मला भीती नव्हती. लागला तर काय, याची होती. लागला तर बाबा कुणाकडे तरी हात पसरतील, मग मी नाही म्हणू शकणार नाही, अन् हो म्हटलं तर तीन वर्षं घर ओढलं जाईल. त्यापेक्षा विचारायचंच नाही. हे मी कुणालाच बोलले नव्हते. मैत्रिणींना सांगितलं की इंग्रजी कच्चं आहे.

मार्चमध्ये बारावीचे पेपर संपले अन् भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला उरलासुरला कापूस घेऊन आम्ही पुन्हा आलो. भाव काही वाढला नव्हता. वजन झालं, पावती झाली. तुम्ही बाबांना बसवलंत, चहा सांगितलात अन् मला म्हणालात, "त्या दिल्लीचं काय झालं?" बाबा माझ्याकडे पाहायला लागले. त्यांना दिल्लीबद्दल काहीच माहीत नव्हतं काका. तुम्ही त्यांच्यासमोरच विचारलंत. त्या क्षणी मला तुमचा फार राग आला होता, तेही लिहून टाकते.

मग तुम्ही ते माहितीपत्रक मागितलंत. मोबाइलवर दाखवलं तर म्हणालात, कागदावर आण. चौकातून प्रिंट काढून आणली अन् तुम्ही लाल पेन घेऊन बसलात. बाहेर दोन गाड्या खोळंबल्या होत्या. तुम्ही एकेक ओळ बोट ठेवून वाचत होता. इंग्रजी शब्द अडला की मला विचारायचात, मला अडला की आपण दोघं बाबांकडे पाहायचो अन् बाबा हसायचे. "बारीक अक्षरातच पैसे कापल्या जातेत," असं तुम्ही म्हणालात. चाळीस वर्षं करारनामे वाचून लागलेली सवय.

त्याच सवयीनं तीन गोष्टी सापडल्या. एक तर बारावीच्या टक्क्यांची, वर सांगितलेली. दुसरी नावाची. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर आडनाव शेवटी. ते आधीच जुळवून ठेवा म्हणालात. तिसरी जातीच्या दाखल्याची, अन् ती नसती कळली तर मी जुलैत रडत बसले असते. आमच्याकडे नॉन क्रीमीलेअर होतं, पण ते राज्याच्या नमुन्यातलं. केंद्राच्या विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, अन् प्रवेशाच्या वेळी ते त्याच आर्थिक वर्षातलं, म्हणजे १ एप्रिलनंतरचं हवं. ज्या खिडकीवर मी आधी विचारलं होतं तिथं सांगितलं होतं, "सगळे सारखेच असतात." तुम्ही त्या ओळीखाली दोन रेघा मारल्यात.

अन् मग पावती उलटी केलीत.

ती पावती माझ्याकडे आहे. पुढे आमच्या कापसाचं वजन, मागे तुमचं अक्षर. डावीकडे 'अमरावती', उजवीकडे 'दिल्ली'. अमरावतीला खोली अन् डबा दहा महिन्यांचे पन्नास हजार, फी आठ. दिल्लीला फी वीस धरली, होस्टेल मिळालं तर जेवणासकट लाखाच्या घरात, नाही मिळालं तर दीड. रेल्वेचं स्लीपर सहाशे, चार खेपा. नागपूरपर्यंतचं एसटीचं अर्धं तिकीट वेगळं. आपल्याकडून गाडी थोडीच आहे. शकुंतला ही आपली जुनी छोटी रेल्वे बंद पडून जमाना झाला, अन् वर्धा-नांदेड या नव्या मार्गावर २०२४ मध्ये वर्धा ते कळंब एक गाडी सुरू झाली तेवढीच. शिष्यवृत्तीचे मी सांगितले तसे लिहिलेत, केंद्राची आहे, वर्षाला बारा हजार, बोर्डात वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये आलं तर. तुम्ही 'तर' शब्दाला गोल केलात. खाली आमचं उत्पन्न. तीन एकर कपाशी, अठरा क्विंटल, त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचाई वजा. सोयाबीन धरलंत, तूर धरली नाहीत. "तुरीचं काही खरं नाही," म्हणालात. बाबांनीही मान हलवली.

शेवटी रेघ मारून तुम्ही लिहिलंत, 'बसत नाही.' अन् ते बाबांना वाचून दाखवलंत.

काका, मला वाटलं होतं तुम्ही धीर द्याल. सगळे देतात. कुणी म्हणतं शिक, देव आहे. कुणी म्हणतं पैसा काय, येतो अन् जातो. असं म्हणणाऱ्यांच्या घरी महिन्याला पगार येतो. तुम्ही आमचा कापूस वर्षानुवर्षं मोजलाय, तुम्हाला आमचं घर किलोत माहीत आहे. तुम्ही खोटा आकडा मांडला नाही. माझ्या मनात जे भूत होतं ते तुम्ही कागदावर उतरवलंत, अन् ते मला वाटलं होतं तेवढंच मोठं निघालं. तरी मला हलकं वाटलं. आता ते बाबांनाही दिसत होतं, मी एकटीच पाहत नव्हते.

मग पावतीच्या कोपऱ्यात तुम्ही अजून एक हिशेब केलात. फॉर्म, ओबीसी, चार विषय, मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, १,२७५ रुपये. त्या हंगामाचा, २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ७,५२१. भागाकार. "सतरा किलो," तुम्ही म्हणालात. "सतरा किलो कापसाची गोष्ट आहे हे. एवढा तर गाडीतून सांडते."

मी म्हटलं, पण वर तर बसत नाही लिहिलंय.

तेव्हा तुम्ही माझ्याशी नाही, बाबांशी बोललात. "तुम्ही तीन जिनात भाव इचारता ना? इचारला म्हणजे माल टाकला असं होते का?"

बाबा म्हणाले, "नाही बा."

"मग पोरीले भाव इचारू द्या. टाकायचा का नाही ते जुलैत पाहू. तवा होस्टेल भेटते का नाही तेही कळन. अन् एकाच परीक्षेवर बनारस आहे, हैदराबाद आहे, दिल्लीतच जेएनयू आहे. तिथला हिशेब अजून कुठं मांडला आपण?"

बाबांनी पावती घेतली, उलटी-सुलटी पाहिली अन् मला म्हणाले, "तू मले सांगितलं काहून नाही?"

एवढंच. परतीच्या वाटेवर ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला त्यांनीच सांगितलं, अन् माझ्यापेक्षा नीट सांगितलं. फॉर्म भरणं वेगळं अन् जाणं वेगळं, हे त्यांनी तुमच्याच शब्दात सांगितलं, भाव इचारण्यावरून. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, सतरा किलो म्हणजे माझी दुपारपर्यंतची वेचाई. हो म्हणाली का नाही ते मला आजही नक्की माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी डब्यातून पैसे तिनंच काढून दिले.

शेवटची तारीख २२ मार्च होती, ती पुढे २४ झाली. मी १९ लाच भरला. फोटो दोनदा नाकारला, तिसऱ्यांदा गेला. पैसे कापल्याचा मेसेज आला तेव्हा त्या दुकानात मी, दुकानवाला दादा अन् आधार दुरुस्तीला आलेले एक आजोबा एवढेच होतो. आजोबांनी विचारलं, "झालं का बाई काम?" मी म्हटलं, झालं.

जायचं का नाही हे अजून ठरलेलं नाही. पावतीवरचा 'बसत नाही' तसाच आहे अन् मी तो खोडलेला नाही. रोज हिंदीतून वाचते अन् मराठीत टिपणं काढते. पन्नास प्रश्न, साठ मिनिटं, बरोबरला पाच अन् चुकलं तर एक वजा. अंदाजानं ठोकायचं का सोडायचं, हे प्रत्येक प्रश्नाला ठरवावं लागतं. राज्यशास्त्र जमतंय. भूगोलात नकाशे आले की घोळ होतो.

केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्याचा अर्ज या महिन्यात नव्यानं टाकलाय. त्याची पोच तुम्हाला एकदा दाखवायची आहे, बारीक अक्षरासाठी. सोमवारी दहाच्या गाडीनं येते. तुमचा लाल पेनही माझ्याच दप्तरात राहिलाय, तो घेऊन येते.

तुमची,
ओल्या कापसाजवळ बसून वाचणारी पोरगी