शार्कच्या राणीचे इतर मासे

रत्नागिरी,
दि. 12 ऑगस्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा व्याख्यानाचा आराखडा मिळाला. महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळात अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ युजिनी क्लार्क यांच्यावर बोलायचे तू ठरवलेस, याचा मनापासून आनंद झाला. मात्र ‘शार्कची राणी’ हे शीर्षक मला पटले नाही, आणि आपली ओळख जुनी असल्यामुळे ते आडपडदा न ठेवता सांगतो. अमेरिकेत त्यांना ‘शार्क लेडी’ म्हणत, हे खरे आहे. पण तेवढेच नाव ऐकले की पोरांच्या डोळ्यांसमोर उघडा जबडा आणि धाडसी बाई एवढेच उभे राहील, आणि ज्या लहानसहान माशांच्या मागे त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला ते मासे बाजूला पडतील.

तुझ्या आराखड्यात त्यांचे बालपण दोन ओळींत उरकले आहे. ते थोडे वाढव. त्यांचा जन्म 4 मे 1922 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आई जपानी वंशाची, वडील अमेरिकन; मुलगी दोन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा वडील गेले. आई एका क्लबमध्ये वर्तमानपत्रे आणि सिगार विकण्याच्या गाळ्यावर काम करीत असे आणि शनिवारी मुलीला जवळच्या बॅटरी पार्कमधील मत्स्यालयात सोडून कामावर जात असे. काचेला नाक लावून बसलेल्या त्या मुलीचे ते तास कोणत्याही शाळेपेक्षा मोलाचे ठरले. तारापोरवाला मत्स्यालयात आपण दोघे शिपाई हाकलेपर्यंत उभे होतो, ते तुला आठवत असेलच. आपण घरी येऊन विसरलो, तिने घरी मत्स्यपेटी मांडली.

1942 मध्ये हंटर महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी प्रयत्न केला, तेव्हा लग्न करून मुलाबाळांत रमलात तर आमचे श्रम वाया जातील, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. त्या न्यूयॉर्क विद्यापीठात गेल्या, रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करता करता शिकल्या आणि 1950 मध्ये डॉक्टरेट मिळवली. (पुढे त्यांनी लग्ने केली, चार मुलेही वाढवली, हे उत्तर देणाऱ्यांना कोणी कळवले की नाही, कोण जाणे.) डॉक्टरेटचा विषय काय होता, हे मंडळाच्या मुलांना अवश्य सांग: प्लॅटी आणि स्वोर्डटेल, म्हणजे आज कोणत्याही मत्स्यपेटीच्या दुकानात मिळणारे बोटाएवढे मासे. मत्स्यपेटीत या दोन जातींचा सहज संकर होतो, मग निसर्गात एकाच पाण्यात राहूनही त्या वेगळ्या कशा राहतात, हा प्रश्न होता. तो सोडवताना त्यांनी माशांमध्ये कृत्रिम रेतनाचा यशस्वी प्रयोग केला. यात शार्क कुठेही नाही.

मधल्या काळातील एक प्रसंग तू गाळला आहेस. 1947 मध्ये सरकारी मत्स्य विभागाने त्यांना फिलिपाईन्सला पाठवायचे ठरवले, पण जपानी वंशामुळे चौकशीसाठी त्यांना हवाईतच अडवून ठेवण्यात आले आणि ते काम हातचे गेले. त्या तिथे रडत बसल्या नाहीत. थांबल्याच आहोत तर, म्हणून त्यांनी अंग फुगवणाऱ्या केंड माशांचा अभ्यास सुरू केला. आपल्याकडे जाळ्यात आलेला केंड कोळी शिवी देऊन परत फेकतात, त्याच विषारी कुळावर त्यांनी पुढे प्रशांत महासागरातील मायक्रोनेशियाच्या बेटांवर आणि तांबड्या समुद्रात काम केले. तिथल्याच पलाऊ बेटांवर सियाकाँग नावाच्या स्थानिक मच्छीमाराकडून त्या भाल्याने मासा टिपायला शिकल्या. ज्याला समुद्र पाठ आहे त्याच्याकडे शिकायला जायचे, मग त्याच्याकडे पदवी असो वा नसो, ही रीत त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचे खरे बळ याच रीतीत आहे.

शार्क त्यांच्या वाट्याला जवळजवळ अपघातानेच आले. तांबड्या समुद्राच्या काठी घर्दाका येथे राहून केलेल्या कामाबद्दलचे त्यांचे पुस्तक 1953 मध्ये प्रसिद्ध झाले, ते वाचून धनाढ्य व्हँडरबिल्ट कुटुंबाने त्यांना फ्लोरिडात बोलावले आणि 1955 च्या जानेवारीत प्लासिडा गावी एका छोट्या लाकडी इमारतीत प्रयोगशाळा सुरू झाली. ती उघडताच एका वैद्यकीय संशोधकाने शार्कचे यकृत मागितले. बेरिल चॅडविक या स्थानिक मच्छीमाराने शार्क पकडून दिले, आणि मग ते जिवंत ठेवायचे कसे, त्यांना शिकवता येते का, असे एकामागून एक प्रश्न उभे राहिले. लेमन शार्कनी पांढऱ्या फळीला नाकाने धक्का द्यायचा, घंटा वाजायची आणि खाऊ मिळायचा. मधल्या हिवाळ्यात ही शिकवणी बंद होती, तरी ते धडा विसरले नाहीत. ‘मठ्ठ खादाड’ हा शार्कवरचा शिक्का पुसायला हा साधा प्रयोग पुरला. शिकवलेला एक नर्स शार्क त्यांनी पुढे जपानचे युवराज अकिहितो यांना भेट म्हणून नेला. युवराज स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ असल्यामुळे ती भेट वाटते तितकी विचित्र नव्हती.

त्याच प्रयोगशाळेच्या आसपासच्या एका लहान माशाची गोष्ट मला मात्र जास्त आवडते. सेरानस सबलिगॅरियस हा बोटभर मासा. त्या जितके मासे पकडत, ते सगळे अंड्यांनी भरलेले, नर सापडेचना. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली उलगडा झाला की प्रत्येक मासा एकाच वेळी नरही आहे आणि मादीही, आणि प्रजननाच्या वेळी जोडीतले मासे काही क्षणांत भूमिका बदलतात. 1959 मध्ये हे छापून आले. ज्या मुलांना शार्कच्या दातांपलीकडे काही दिसत नाही, त्यांना ही गोष्ट सांगून बघ, वर्गात कशी कुजबूज होते ते.

मेक्सिकोतील इस्ला मुहेरेस बेटाजवळच्या समुद्री गुहांतील ‘झोपलेल्या शार्क’ना तू अर्धे पान दिले आहेस, ते योग्यच आहे. पोहत राहिले नाही तर शार्क गुदमरतात, असे आपण वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. त्या गुहांत मात्र शार्क तळाशी निवांत पडून कल्ल्यांवरून पाणी खेळवताना दिसले. पण ती जागा मुळात कार्लोस गार्सिया कास्तिया या पाणबुड्या मच्छीमाराला माहीत होती, हे जरूर घाल. गुहेत झिरपणाऱ्या गोड्या पाण्यामुळे अंगावरचे परजीवी सैल होत असावेत आणि शार्कला चिकटून राहणारे रेमोरा मासे ते टिपत असावेत, असा क्लार्क यांचा तर्क होता. तो तर्क म्हणूनच सांग.

आता माझ्या मनातला मासा. तांबड्या समुद्रात लेप माशाच्या नात्यातला एक चपटा मासा आहे; बायबलमधील मोझेसने समुद्र दुभंगला तेव्हा हा मधोमध सापडून त्याचे दोन तुकडे झाले, म्हणून तो चपटा, अशी तिकडची दंतकथा आहे. 1960 मध्ये तो हातात घेताना पराच्या मुळाशी असलेल्या छिद्रांतून दुधासारखा स्राव आला आणि क्लार्क यांची बोटे बधिर झाली. पुढच्या दशकात त्यांनी हाच मासा शार्कपुढे धरला, तर शार्क जबडा उघडून झेपावला आणि तो मिटताच येईना! तोंड आ वासूनच तो माघारी पळाला. हा स्राव साबणासारखा पेशींच्या आवरणावर काम करतो, आणि पुढे संशोधकांनी साध्या साबणी द्रव्यांनीही शार्क हटवता येतो का, ते तपासले. स्राव टिकवून ठेवणे अवघड असल्यामुळे बाजारात त्याची बाटली आली नाही. बोटांना मुंग्या आल्या तेव्हा हात धुऊन पुढे जाणारेच पुष्कळ असतात. त्या थांबल्या, आणि पुढच्या दशकात पुन्हा त्याच माशाकडे वळल्या.

बाकीचे थोडक्यात आटप: 1968 ते 1992 मेरीलँड विद्यापीठात अध्यापन, पाणबुडीतून सत्तरहून अधिक फेऱ्या, इजिप्तमधील रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानासाठी केलेला पाठपुरावा. नव्वदी ओलांडल्यावरही त्या पाण्यात उतरत असत. 25 फेब्रुवारी 2015 रोजी फ्लोरिडातील सॅरासोटा येथे त्यांचे निधन झाले. 2018 मध्ये एका खोल पाण्यातील लहान शार्कला त्यांचे नाव मिळाले.

मासेमारीची बंदी उठून मिरकरवाड्यावरून बोटी बाहेर पडू लागल्या आहेत. व्याख्यानाच्या दिवशी सकाळी दोन लेप आणि एक लहान मोरी, म्हणजे आपल्याकडचा शार्क, बर्फात घालून चिपळूणला घेऊन येतो. आपल्या लेपात तसला स्राव नाही, पण दोन्ही डोळे एका बाजूला कसे आले ते मुलांना हातात घेऊन पाहता येईल. आधी लेप फिरव, मोरी नंतर काढ. दोन्हींचे पुढे काय करायचे ते वहिनींना विचारून कळव, म्हणजे त्या अंदाजाने आणखी दोन-चार जास्त आणतो.

तुझा,
जुना बाकसोबती