संगीताच्या पुस्तकांत बिदागीचा हिशेबही यावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत संगीतावरच्या वाचनीय पुस्तकांची यादी आली होती. चरित्रं, रागांवरची पुस्तकं, घराण्यांचा इतिहास, सगळं त्यात होतं. गाण्याच्या व्यवहारावरचं पुस्तक मात्र एकही नव्हतं. याचं आश्चर्य नाही वाटलं, वाईट वाटलं.

माझं सारं आयुष्य लेखापरीक्षणाच्या नोकरीत गेलं आणि गाणं मी लहानपणापासून शिकले. त्यामुळे गायकाचं चरित्र हातात आलं की मी शोधते, या माणसाचं घर कशावर चाललं? बहुतेक पुस्तकं इथे गप्प असतात. गुरुकृपा, पहाटेचा रियाज, एखादा उदार आश्रयदाता, आणि मग एकदम म्हातारपण नि हलाखी. मधल्या काळात बिदागी किती मिळाली, ध्वनिमुद्रिका खपल्या त्याचे पैसे कुणाकडे गेले, हलाखी आली ती नेमकी कशाने, यावर ओळसुद्धा नसते.

पैशाबद्दल लिहिलं की कलावंत लहान होतो, असं आपण धरून चालतो. मला हे अजिबात मान्य नाही. पैशाच्या अटींनी संगीताचं रूपच बदललेलं आहे, आणि त्या अटी वगळल्या तर इतिहास कळत नाही.

अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकार हायडनचं पाहा. १७६१ मध्ये एस्टरहाझी या सरदार घराण्याने त्याला वर्षाला ४०० गुल्डनवर चाकरीला ठेवलं. करारात कलम होतं : जे रचशील ते आमच्यासाठीच, कुणाला नक्कल करू द्यायची नाही, परवानगीवाचून दुसऱ्यासाठी काही रचायचं नाही. पुढे गादीवर आलेला निकोलाउस बॅरिटोन नावाचं तंतुवाद्य वाजवत असे. म्हणून हायडनने त्या एका वाद्यासाठी शंभराहून जास्त त्रिवाद्यरचना लिहिल्या! आज ते वाद्य वाजवणारेच दुर्मीळ, त्यामुळे एवढं मोठं काम फारसं कानावर पडत नाही. १७७९ मध्ये करार नव्याने झाला आणि ते बंदीचं कलम गेलं. त्यानंतर हायडनच्या रचना व्हिएन्ना, लंडन इथल्या प्रकाशकांकडे रीतसर विक्रीला जाऊ लागल्या. पॅरिसहून मागणी आली तेव्हा तिथल्या भल्यामोठ्या वाद्यवृंदासाठी त्याने सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, लिहिल्या. हायडनच्या प्रतिभेवर लिहिणाऱ्याने हे दोन करार शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाऊच नये, असं मला वाटतं.

जर्मन संगीतकार बेथोवनचंही तसंच. १८०९ मध्ये तिघा सरदारांनी मिळून त्याला वर्षाला ४००० फ्लोरिन द्यायचं कबूल केलं, अट इतकीच की त्याने ऑस्ट्रिया सोडून जाऊ नये. दोनच वर्षांत ऑस्ट्रियाच्या सरकारने कागदी चलनाची किंमत एक पंचमांशावर आणली आणि त्या नेमणुकीतला जीव गेला. पैशासाठी प्रकाशकांशी तो पुढे हुज्जत घालतो, ते वाचताना ही गोष्ट डोळ्यांसमोर हवी. नाहीतर तो नुसता तिरसट वाटतो.

गायिका गौहर जान यांच्या १९०२ च्या ध्वनिमुद्रिका तर आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात, त्याचं कौतुक होतं. पण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून ते नाव. ख्याल, ठुमरी तीनेक मिनिटांत बसवावी लागली तीही यंत्राच्या आणि धंद्याच्या मर्यादेमुळे. कुठला भाग ठेवायचा, कुठला गाळायचा, हा निर्णय त्या पिढीच्या गायकांनी कसा घेतला असेल? यावर आपल्या भाषेत जाडजूड पुस्तक हवं.

माझ्या गाण्याच्या बाई गेल्या तेव्हा त्यांच्या घरी एक पत्र्याची पेटी निघाली. आत नभोवाणीची करारपत्रं, मैफलींच्या आयोजकांची पत्रं आणि एक लांबट वही. वहीत प्रत्येक कार्यक्रमाची बिदागी, त्याखाली तबलजीला किती, पेटीवाल्याला किती, गाडीभाडं किती. साथीदारांचे पैसे आधी वजा करून उरेल ते बाईंचं. एका आयोजकाच्या नावापुढे ‘येणे’ लिहिलेलं होतं, आणि ती रक्कम पानामागून पान पुढे ओढत आणली होती. ती कधी जमा झालेली मला दिसली नाही. घरच्यांनी मानपत्रं आणि छायाचित्रं ठेवली, पेटीतले कागद रद्दीत घातले. नंतर निघालेल्या गौरवग्रंथात छापून आलं की बाई व्यवहारापासून अलिप्त होत्या. हे खरं नाही. बाई व्यवहाराला अतिशय चोख होत्या, आणि त्या चोखपणावर दोन साथीदारांचे संसार चालले. तो त्यांचा मोठेपणा ग्रंथातून वगळला गेला, याचा मला अजून राग येतो.

मराठीला असं काम जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. पेशाने वकील असलेल्या संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग याच भाषेत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून लिहिले. कुठलं मत कुठल्या ग्रंथातलं, ते कितपत टिकतं, याची अशी उलटतपासणी मी दुसरीकडे फार कमी वाचली आहे. तीच चिकाटी व्यवहाराकडे वळवा. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, एका राजाच्या आश्रयावर न राहता लोकांकडून पैसा उभा केला. पुढे मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली. त्या कर्जाची कहाणी मला त्यांच्या भजनांइतकीच महत्त्वाची वाटते, कारण गाणं शिकवणारी संस्था कशी उभी राहते आणि कशाने मोडते ते तिच्यातून कळतं. तसंच २०१२ ची कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती. चित्रपटगीतांचे कवी आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क आता निर्मात्याला कायमचा लिहून घेता येत नाही. हे किती तरुण संगीतकारांना माहीत आहे?

तेव्हा प्रकाशकांना माझी विनंती आहे. चरित्राच्या शेवटी पुरस्कारांची यादी देता, तशी ध्वनिमुद्रिकांची कंपनी आणि क्रमांकासह यादी द्या, आणि मिळतील ती करारपत्रं जशीच्या तशी छापा. समीक्षकांनी ती नसल्यास तसं लिहावं. कलावंतांच्या घरच्या मंडळींनी जुन्या वह्या टाकण्याआधी निदान मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवावेत.

बाईंच्या वहीतली काही पानं मी त्या वेळी उतरवून घेतली होती. आयोजकांची नावं वगळून ती अभ्यासकांना द्यायला मी तयार आहे. आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता या पत्रासोबत दिला आहे.

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक